धुऱ्यापाशी पुरलेला मांजरपाट

मांजरपाट घ्यायला मी यवतमाळच्या बाजारात गेले, तेव्हा दुकानदारानं ठाण उलगडता उलगडता आवाज खाली आणला आणि विचारलं, "मयत मानसाची हाये का बाईची?"

"मयत नाही हो," मी म्हटलं. "मातीत पुरायचाय."

"थेच तं ईचारून राह्यलो मी," तो म्हणाला.

मला हसू आलं आणि रागही आला. राग मला पटकन येतो, त्या वयात तर नाकाच्या शेंड्यावरच असायचा. समजावून सांगायच्या भानगडीत मी पडले नाही. कापड घेतलं आणि निघताना सवयीनं "येते हं" म्हटलं, तर तो केवढा तरी दचकला. "जा, जा," म्हणाला, आणि मी पायरी उतरेपर्यंत माझ्याकडे बघत राहिला.

तेव्हा मी एका संशोधन प्रकल्पात कामाला होते. युरोपातल्या चार-पाच देशांतल्या शेतकी संस्था आणि आमच्याकडची एक, असा तो एकत्र मामला होता. तिकडे ते गव्हाच्या शेतात वाटाणा, मसूर, जवस पट्ट्यापट्ट्यानं लावून बघत होते, जुनी विसरलेली बियाणी शोधून पुन्हा पेरत होते, आणि औषधं कमी केली तर शेतात काय काय परत येतं ते मोजत होते. तेच सगळं आमच्याकडे कापसाच्या जमिनीत करून बघायचं होतं. बोंडअळीनं बोंडं आतून पोखरून टाकली होती ती वर्षं. गावोगाव फवारण्या वाढत चालल्या होत्या आणि अळी काही हटत नव्हती. मातीचं शास्त्र शिकलेली, इंग्रजी बोलणारी, वऱ्हाडी समजणारी आणि स्कूटीवर कुठंही जायची तयारी असलेली, असं सगळं एकाच बाईत मिळालं म्हणून त्यांनी मला घेतलं असावं.

मातीत जीव किती आहे हे बघायची त्यांची एक साधी रीत होती. शुद्ध सुती कापडाचा हातभर चौकोन वीतभर खोल पुरायचा आणि दोन महिन्यांनी काढायचा. मातीत बुरशी, किडे, बारीक जीव असतील तर ते कापूस खाऊन टाकतात. कापड चिंध्या होऊन वर आलं तर माती चांगली. अख्खं आलं तर काहीतरी बिनसलं आहे. प्रकल्पाच्या प्रमुख बाई तिकडच्या एका थंड देशातल्या होत्या, साठीच्या, नाकाचा शेंडा कायम उन्हानं सोललेला. त्यांनी कॉम्प्युटरच्या पडद्यावर त्यांच्या मिश्र पिकाच्या शेतातलं कापड हातात धरून दाखवलं होतं. कापड नव्हतंच. नुसती शिवलेली कड उरली होती आणि त्या कडेच्या चौकोनातून त्या हसत होत्या. प्रत्येकानं आपापल्या बाजारातलं साधं कापड घ्यावं, खळ धुऊन काढावी आणि कडा नायलॉनच्या दोऱ्यानं शिवाव्यात, म्हणजे सगळं कुजलं तरी जागा सापडेल, असं त्यांनी सांगितलं.

मी कापड धुतलं आणि बाभुळगावच्या आमच्या अंगणात दोरीवर वाळत घातलं. सारखे पांढरे चौकोन ओळीनं हलताना बघून आईनं विचारलं, "हे किती दिवस ठेवणार आहेस दारात?" पण मशीनवर कडा तिनंच घालून दिल्या. दोरा मी लाल आणला होता. काळ्या मातीत लाल लगेच दिसेल, एवढाच माझा हिशेब.

आणि तिथंच मी माती खाल्ली. आमचं घर बौद्ध. वडील शाळेत शिकवायचे. गंडा, दोरा, लिंबू, उतारा यांना आमच्या घरात उंबऱ्याच्या आत मज्जाव होता आणि करणी-भानामतीवर वडील पोरांना तास तास बोलायचे. त्यामुळे ते सगळं खोटं आहे हे मला पक्कं माहीत होतं, पण ते दिसतं कसं हे माहीत नव्हतं. बेंबळा नदीच्या अलीकडच्या एका गावात सहा शेतकऱ्यांनी होकार दिला होता. मी एका दुपारी एकटीच गेले, सगळ्यांच्या वावरात खुरपीनं खड्डे केले, लाल दोऱ्याच्या कडेचे पांढरे चौकोन पिकात चार-चार जागी पुरले आणि वर काडी रोवली. त्या दिवशी अमावस्या होती. पंचांग बघायची आमच्याकडे पद्धत नव्हती.

तिसऱ्या दिवशी बोलावणं आलं. गेले तर पारावर माझे चौकोन ढीग करून ठेवलेले, मातीनं भरलेले. त्यांच्याभोवती माणसं उभी होती आणि कुणीही हात लावत नव्हतं. एक म्हातारा काठीच्या टोकानं एकेक उलटा करून बघत होता. मी सांगायला सुरुवात केली. जिवाणू, बुरशी, युरोप, सगळं सांगितलं. त्यांना मूर्ख म्हटलं नाही, पण माझ्या तोंडावर ते लिहिलेलं असणार, कारण मी बोलत गेले तसतसे चेहरे आक्रसत गेले. "आमच्या वावरात नको," एकेक जण म्हणाला आणि पांगला.

शेवटी एक बाई उरली. पस्तिशीची असेल, सडपातळ, डोक्यावरचा पदर दातात धरलेला. तिचा नवरा वणीला कोळशाच्या ट्रकवर होता, पंधरवड्यातून एकदा यायचा. चार एकराचं वावर तीच बघायची.

"माह्या वावरात पुरा," ती म्हणाली.

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"आता कोन काय करन माह्या वावराले," ती म्हणाली, आणि चालायला लागली.

त्या वाक्याचा अर्थ मी तेव्हा विचारला नाही. एक तरी वावर मिळालं याच आनंदात होते.

दोन महिन्यांनी मी कापडं काढायला गेले, त्याच दिवशी तिनं सकाळी सीतादही केलं होतं. कापसाच्या पहिल्या वेचणीआधी बायका हे करतात. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या झाडाच्या, बुडाशी पाच खडे मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, पानावर दहीभात ठेवायचा आणि मगच वेचायला हात लावायचा. मी पोचले तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. पूजा होऊन तीन तास झाले होते. दहीभात पानावर तसाच होता.

आधी माझ्या लक्षात आलं नाही. मी बाजूला बसून पाणी प्यायले, वहीत नोंद केली, आणि मग सहज पुन्हा तिकडे पाहिलं. एकही मुंगी नव्हती. माशी नव्हती. उघड्या वावरात, उन्हात, दह्याचा वास सुटलेला भात, आणि त्याच्याकडे कुणी फिरकलेलं नव्हतं. मी कान देऊन ऐकलं. पऱ्हाटी कमरेएवढी, हिरवीगार, आणि तिच्यात कसलाही आवाज नव्हता. किडा नाही, पाखरू नाही. दूर रस्त्यावरून एसटी गेली तेव्हा केवढं बरं वाटलं मला.

"काऊन थांबल्या म्याडम?" तिनं विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं आणि खुरपी घेतली.

पहिला चौकोन निघाला. मी तो झटकला आणि माझा हात तसाच राहिला. कापड पांढरं होतं. मातीचा डाग होता, तो झटकल्यावर बराचसा गेला. घरी घडी घालून आणलं होतं त्या घडीची रेघसुद्धा त्यावर दिसत होती. दोन महिने, तेही पावसाळ्याचे. दुसरा काढला, तोही तसाच. तिसरा, चौथा. इतर गावांत माझी कापडं विरलेली, भोकं पडलेली निघाली होती. इतकं कोरं कापड मी त्यानंतरच्या नोकरीतही फार थोड्या वेळा पाहिलं. नाकाशी धरलं तर औषधाचा वास आला.

ती शेजारी उकिडवी बसून बघत होती.

"म्याडम, हे पान्यापावसात मातीतच होतं ना?"

"हो."

"मंग हे असं काहून?"

मला तर कुणी विचारायचीच खोटी. "कारण या मातीत जीवच उरलेला नाही," मी म्हटलं. "कापूस खाणारं कुणी राहिलं नाही हिच्यात. ही माती आता काही खात नाही. जे ठेवाल ते तसंच राहील." बोलताना माझा आवाज चढलाही होता. सहा महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझं काम समजून घेत होतं.

तिनं माझ्या हातातलं कापड घेतलं, मांडीवर पसरलं आणि जुन्याच घडीवर घडी घातली. मग हातानं वावराच्या टोकाकडे दाखवलं. तिथं धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक पळस होता आणि पलीकडे नाला.

"माह्यं लेकरू हाये तिथं," ती म्हणाली. "आठ महिन्यांचं होतं. असंच कापड होतं त्याले."

मी हातातली वही मिटली.

"थो बी असाच असन का?"

लहान मुलांना जाळत नाहीत, वावरात पुरतात, हे मला माहीत होतं. पण ते माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. आणि घाबरलेला शिकलेला माणूस जे करतो तेच मी केलं, पुस्तकातलं सांगायला लागले. शरीराचं वेगळं असतं, ते आतून कुजतं, त्याला बाहेरच्या मातीची... तिथं माझी जीभ अडखळली. आईला मी काय सांगत होते!

तिनं ते ऐकलंच नव्हतं. "पंपं तिथंच भरतो आमी," ती म्हणाली. "नाल्याचं पानी जवळ पडते. डरम तिथंच ठेवलेला. फवारनी झाली का डरम धुवून उरलंसुरलं मीच ओततो तिथं. तीन वर्सं झाले, दर खेपेले ओततो." आणि मग फार हळू, "त्याच्या अंगावर ओतत होतो म्हना ना मी."

त्या कोपऱ्यातही एक कापड पुरा, असं ती म्हणाली. मी आधी नाही म्हटलं. ठरलेल्या यादीत ती जागा नव्हती, पिकाच्या बाहेर होती, वेळही चुकीची होती. पावसाळा संपला, ओल कमी झाली, आता कापड सावकाशच कुजणार, त्यावरून काही कळणार नाही, हेही सांगितलं. ती उठून पळसाकडे चालायला लागली आणि मला मागं जावंच लागलं.

नेमकी जागा तिलाही माहीत नव्हती. पुरायला बायकांना नेत नाहीत. दीर आणि नवरा गेले होते. पळसाच्या बुडाशी, एवढंच दिरानं सांगितलेलं. मी बुडापासून चार पावलं सोडून बसले आणि खुरपी लावली. भर दुपार होती, डोक्यावर ऊन होतं, भुतावर माझा विश्वास नव्हता, आणि तरी प्रत्येक घाव मी इतका हलक्या हातानं घालत होते की माती निघेना. आपण चार पावलं सोडली म्हणजे ती पुरेशी सोडली का? दिराला तरी नीट आठवत असेल का? ती माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती आणि तिचा श्वास मला ऐकू येत होता.

वीतभर खाली खुरपी कशाला तरी अडकली. मऊ होतं. माती बाजूला केली तर पांढरं दिसलं.

मी किंचाळले. ती किंचाळली नाही. तिनं मला बाजूला सारलं, गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी माती ओरबाडली आणि ते ओढून काढलं. औषधाची पांढरी प्लॅस्टिकची पिशवी होती, मातीच्या भारानं चोळामोळा झालेली. तिनं ती नाल्यात फेकली आणि हात पुढे केला. मी कापड दिलं. ते तिनंच पुरलं.

त्या हिवाळ्यात मी दुसऱ्या कामांसाठी त्या बाजूला जायची, तेव्हा वाट वाकडी करून तिच्या वावरात डोकवायची. दर वेळी ती पळसापाशी सापडायची. एकदा मी धुऱ्यावरून येत होते, ती पाठमोरी होती, आणि बोलत होती. आज वांग्याची भाजी केली होती, त्यात तेल जरा जास्त पडलं, शेजारणीची म्हैस आटली, असलं काहीतरी. मधेच थांबायची, ऐकल्यासारखी मान हलवायची आणि पुढे बोलायची. परत फिरावं असं वाटलं, पण तिनं वळून पाहिलं.

"ये बाई," ती म्हणाली. म्याडम कधी गळून पडलं ते मला कळलं नव्हतं. "हळू ये, निजून हाये थो."

ती त्या दिवसांत चांगली दिसत होती, हे मला सांगितलंच पाहिजे. अंगानं भरली होती, हसत होती. गावात म्हणत होते की हिच्या डोक्यात फरक पडला, आणि तो त्या लाल दोऱ्यावालीनं पाडला. पहिल्यांदाच गाव बोलत होतं ते मला खोडता येत नव्हतं. मला स्वतःची भयंकर चीड येत होती.

दोन महिन्यांनी तो कोपऱ्यातला चौकोन काढला. अख्खा निघाला. तिनं तो गालाला लावला.

"पाह्यलं? मी म्हनत नव्हतो?"

मग तिचा चेहरा बदलला. ती कापड बोटांनी चाचपू लागली. "पन बाई, मातीनं घेतलं नाई तं सुटत नाई म्हनतात लेकरू. अडकून राहते." ती माझ्याकडे बघत होती, जणू सोडवायचं कसं ते माझ्या वहीत लिहिलेलं होतं. "तुमी सांगत होते थ्या गोऱ्या बाईच्या वावरात सारं खाल्लं ना मातीनं? काय पेरते थे?"

मी सांगितलं. एक पीक नाही, पाच-सात पेरतात. औषध नाही. बारा महिने जमीन उघडी ठेवत नाहीत.

"एवढंच?" ती म्हणाली. "माही सासू तं असंच पेरे."

पुढच्या पेरणीला तिनं औषधाचा डरम गावात परत नेला. प्रकल्पाचे पट्टे आखायला मी गेले, तर तिला आखून द्यायची गरजच नव्हती. कापसाच्या ओळींमध्ये तूर, मग जवारी, मधे मूग, उडीद, कडेला बरबटी म्हणजे चवळी आणि अंबाडी, हे सगळं तिच्या हाताला आठवत होतं. प्रश्न बियाण्याचा होता. ते मी मारेगावकडच्या कोलाम आदिवासींच्या एका पोडावरून, म्हणजे वस्तीवरून, आणलं. त्यांनी डोंगरउतारावर ते टिकवून ठेवलं होतं, राखेत घोळून, वाळक्या भोपळ्यांत भरून. देशी कापसाची सरकीही त्यांच्याकडेच मिळाली. त्या दाण्यांचे फोटो मी तिकडे पाठवले, तिकडून प्रमुख बाईंनी त्यांच्या मिश्र गव्हाच्या ओंब्यांचे पाठवले. ते मी मोबाइलवर तिला दाखवले. "गोरे लोकं बी सासूवानीच पेरून राह्यले," असं म्हणून ती हसली.

नवरा वणीहून आला तेव्हा मी वावरातच होते. डोळ्यांच्या कडा कोळशानं काजळ घातल्यासारख्या. त्यानं पिकाकडे पाहिलं, पळसाकडे पाहिलं आणि मला म्हणाला, "म्याडम, तुमचे कपडे घेऊन जा तुमी. बाई माही येडी झाली तुमच्या पायी."

मी भांडायला तोंड उघडलं, पण भांडण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. तीच मधे पडली. "एक डाव मले करू द्या," ती म्हणाली. "त्याच्यासाठी करतो. पिकलं नाई तं मंग बोला."

तो पळसाकडे पाठ करून उभा राहिला. "तुह्या मनानं कर," म्हणाला. संध्याकाळच्या गाडीनं परत गेला.

पहिल्या वर्षी पीक बेताचंच आलं. पण दसऱ्याच्या सुमारास मी गेले तेव्हा वावरात शिरतानाच कानावर किरकिर आली. मुंग्यांची वारुळं दिसली. जवारीच्या कणसांवर चिमण्या होत्या आणि ती त्यांना हाकलत नव्हती. मी ओळींमधून चालत कोपऱ्याकडे निघाले आणि पळस आठ-दहा पावलांवर आला असताना आवाज थांबला. मी दोन पावलं मागं गेले, किरकिर सुरू. पुढे गेले, बंद. पेरलेलं तिथंही उगवलं होतं, पण पिवळं आणि खुरटं. तेवढा अर्धा गुंठा तोंड मिटून बसला होता. मी तीनदा मागंपुढं करून पाहिलं आणि मग तिथं थांबले नाही.

त्या वर्षी वावरातली कापडं भोकं पडलेली निघाली. कोपऱ्यातलं करडं झालं होतं, पण अख्खं होतं.

दुसऱ्या वर्षी तिनं जिद्दच धरली. दोन उन्हाळे शेणखत, पालापाचोळा, नाल्याचा गाळ, सगळं डोक्यावर वाहून तिनं त्या कोपऱ्यात टाकलं. तिथं आधी अंबाडी घेतली, मग बरबटी, अगदी पळसाच्या बुडाला टेकवून. आणि रोज दुपारी तिथं बसणं, बोलणं चालूच. मला वाटत होतं, ती एकच गोष्ट मागते आहे. तिच्या लेकराला मातीनं घ्यावं, तो सुटावा. मीही तेच मागत होते. नवस बोलायची सवय असती तर बोललेही असते.

प्रकल्प संपायच्या वर्षी प्रमुख बाई स्वतः आल्या. उंच, डोक्यावर मोठी टोपी, सोललेलं नाक. त्यांना लेकराचं काही माहीत नव्हतं. कोपऱ्यातला चौकोन कुठल्याच यादीत नसल्यानं त्याबद्दल मी कधी लिहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती.

आम्ही एकेक कापड काढत गेलो. कुठं मूठभर चिंध्या, कुठं जाळी. बाई खूश होत्या, फोटो काढत होत्या, माती हातात घेऊन हुंगत होत्या. मग त्यांना पळसापाशी रोवलेली काडी दिसली आणि त्यांनी विचारलं, तो कुठला नंबर?

मी तिच्याकडे पाहिलं. ती आधीच तिकडे चालली होती.

खुरपी लावली तर माती भुसभुशीत, काळी, ओली. दुसऱ्याच घावाला गांडूळ निघालं. वीतभर गेले, काही नाही. हातानं चाचपलं तेव्हा बोटाला दोरा लागला. मी तो हळूहळू ओढला आणि लाल दोऱ्याचा चौकोन वर आला, आत काही नसलेला. कापडाचं एक सूतही उरलं नव्हतं.

प्रमुख बाईंनी टाळ्या वाजवल्या. खरोखर लहान मुलीसारख्या वाजवल्या. या सगळ्या वर्षांत कुठल्याच देशात त्यांनी इतकं स्वच्छ खाल्लेलं पाहिलं नव्हतं, असं त्या म्हणाल्या आणि त्यांनी तिला मिठी मारली. ती त्यांच्या हातांत ताठ उभी होती. नजर माझ्या हातावर.

"काय म्हनते थे?"

"म्हणतात, तुमची माती जिवंत आहे. अभिनंदन करतात तुमचं."

"म्हंजे घेतलं मातीनं?"

"हो," मी म्हटलं. "घेतलं."

मला वाटलं होतं, ती हात जोडेल. ती खाली बसली, त्या खड्ड्यात दोन्ही हात घातले आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी त्याआधी कुठल्याच बाईच्या तोंडून ऐकला नव्हता. प्रमुख बाई घाबरून मागं सरल्या. काय झालं, काय चुकलं माझं, असं मला विचारू लागल्या. मग मी सांगितलं. पळस, आठ महिने, मांजरपाट, डरम. इंग्रजीत सांगताना ते फार थोडक्या शब्दांत बसलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि होत्या तिथं मातीत बसल्या.

"गेला तवा कोनी रडू देल्लं नाई मले," ती हुंदक्यांतून म्हणत होती. "लहान लेकराचा शोक करू नाई म्हने. पुरून आले, आंघोळ केली, जेवाले बसले. मंग तू आली, तुनं कापड काढलं, तवा मले कळलं थो आहे अजून. रोज बोलत होतो मी त्याच्यासंग. रोज. आता खरंच नाई थो."

आजूबाजूला किरकिर चालू होती, अगदी पळसाच्या बुडापर्यंत. मी तिच्याजवळ बसले. इतकी वर्षं मला वाटत होतं की ती त्याला सोडवायला राबते आहे, आणि तिलाही तेच वाटत होतं. तो सुटला म्हणजे तिच्यापासूनच सुटणार, हे दोघींच्याही ध्यानात आलं नव्हतं. रडणं ओसरलं तेव्हा तिनं मातीचे हात तसेच माझ्या हातात दिले.

"बाई," तिनं विचारलं, "आता दुपारच्याले मी इथं येऊन कोनासंग बोलू?"

तिनं आपणहून हात सोडवून घेईपर्यंत मी ते धरून बसले.